बैठक सुटल्यावरचं रात्रीचं जेवण : बांगडा, तारली आणि आपलं ताट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांनी मागितला, म्हणून बोलल्या तसाच इथे देत आहोत.)

सगळ्या काकी, वहिनी, आज्या, आणि दारात उभ्या आहात त्या पण, आत या. चटईवर जागा आहे.

आजचा विषय अध्यक्ष ताईंनी जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेतून काय आवाज आला तो मी ऐकला बरं का. "घाटावरची पोर, हिका माशातला काय कळतला?" बरोबर आहे. मी लातूरकडची. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू नाहीतर कटला, तोसुद्धा कधीतरी, आणि आणला की तळायचा, एवढंच माहीत. सिंधुदुर्गात नोकरीला आले तेव्हा मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नव्हता. जे काही आलं ते तुमच्याच चुलीपाशी बसून आलं. म्हणजे आज मी तुमचंच तुम्हाला वाढणार आहे. कुठे चुकलं तर तिथेच अडवा.

मग हा विषय घेतला कशाला? तर हजेरीच्या वहीमुळे. आपल्या गटांच्या बैठका बहुतेक संध्याकाळी पाचला लागतात. सव्वापाचला पाच-सहा जणी येतात, साडेपाचला प्रार्थना, मग बचत गोळा, मग मागच्या कर्जाची फेड. आणि खरा विषय, म्हणजे नवीन कर्ज कुणाला द्यायचं, तो निघेपर्यंत सव्वासहा होतात. तेवढ्यात एकेक जण पदर सावरून उठायला लागते. "माका निघूचा आसा, घराक जेवाण करूचा आसा." मी हे वाक्य इतक्या गावांत ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येईल.

एका गटातली गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. मे महिन्यातली बैठक होती. एका वहिनींना शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. जूनमध्ये शाळा सुरू होणार, गणवेशाची शिलाई मिळणार, म्हणून त्यांना ते मेमध्येच हवं होतं. अर्ज लिहून आणला होता. पण त्या दिवशी घरात मासे आले होते, वाटप वाटायचं होतं, नवरा सात वाजता घरी येतो. सव्वासहाला त्या उठल्या. पावणेसातला कर्जाचा विषय आला. दोन अर्ज बसण्याइतकेच पैसे होते. ज्या समोर होत्या त्यांना मिळाले. वहिनींचा अर्ज पुढच्या महिन्यावर. पुढच्या महिन्यात मिळाला, पण तोवर गणवेश दुसरीकडे शिवून झाले होते. वाटपासाठी घरी गेल्या आणि कर्जवाटप हुकलं. हसू नका, मला तेव्हा रडू यायचं बाकी होतं. कारण ठराव चुकीचा नव्हता, गट चुकीचा नव्हता, नियमाने सगळं बरोबरच झालं होतं.

बैठक लवकर घ्या, असं आपण म्हणतो. पण दुपारी काजू-आंब्याचं काम असतं, शेतात लावणी असते. तेव्हा मी विचार केला की रात्रीच्या जेवणाचा वेळच कमी करता येतो का ते बघू. आणि तुमच्याकडे आठवड्यातले तीन दिवस तरी, बुधवार, शुक्रवार, रविवार, जेवण म्हणजे मासे.

पहिलं जे मला कळलं ते असं की मासे शिजायला वेळ लागतच नाही. मटणाला तास लागतो, कडधान्याला भिजवण्यापासून दिवस लागतो, पण मासा सात-आठ मिनिटांत शिजतो. उलट जास्त शिजवला तर तुटतो आणि कोरडा होतो. वेळ जातो तो दोन गोष्टींत. एक, साफ करण्यात. दोन, वाटपात. म्हणजे नारळ फोडा, खोवा, मिरच्या भिजवा, पाट्यावर नाहीतर मिक्सरवर बारीक वाटा, त्यात वीज गेली तर बसा. म्हणून पटकन होणारं माशांचं जेवण करायचं तर या दोन कामांना धरायचं.

वाटपाचं आधी बोलते. बांगड्याचं तिखलं तुम्हाला सगळ्यांना येतं, पण रोजच्या घाईत तुम्ही ते सोडून नारळाच्या आमटीकडे जाता, कारण आमटी भाताला पुरते. मी म्हणते घाईच्या दिवशी तिखलंच करा. माझ्या खोलीत मी करते ते असं. मध्यम आकाराचे चार बांगडे, साफ करून प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे. त्यांना मीठ आणि हळद लावून बाजूला. सात-आठ तिरफळं थोड्या पाण्यात टाकायची, मऊ झाली की आतली काळी बी काढून टाकायची आणि साल जरा ठेचायची. सहा-सात लसूण पाकळ्या ठेचायच्या. पातेल्यात दीड वाटी पाणी, त्यात ठेचलेली लसूण, अडीच चमचे मालवणी मसाला, हळद, मीठ, पाच-सहा आमसुलं, तिरफळं, सगळं एकदम. फोडणी नाही. ते खळखळ उकळलं की तुकडे अलगद सोडायचे, आच मंद करायची, झाकण ठेवायचं. सात-आठ मिनिटं. मध्ये डाव घालून ढवळायचं नाही, पातेलंच दोन्ही कानांनी धरून फिरवायचं. शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल, आणि गॅस बंद. साफ केलेला मासा हातात असेल तर घड्याळ लावून वीस मिनिटं लागतात, मी लावून बघितलंय.

आता एक आजी मला म्हणाल्या होत्या की मसाल्याचं तिखलं ते खरं तिखलं नव्हे, बेडगी मिरची आणि धणे वाटूनच पाहिजे. आजी, मान्य. रविवारी वाटूनच करा. बैठकीच्या दिवशी मसाल्याचं करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जास्त चांगलं लागतं हे तर तुम्हीच मला शिकवलंत. फक्त रात्री गार झालं की फ्रिजमध्ये, आणि सकाळी पहिल्यांदा खळखळून उकळूनच खायचं. फ्रिज नसेल तर उरवूच नका.

ज्यांना नारळाशिवाय घास उतरत नाही त्यांच्यासाठी भाजलेल्या वाटपाचा उपाय आहे. कांदा आणि खोबरं आपण भाजून घेतोच. ते एकदम दोन नारळांचं भाजायचं, चांगलं लालसर, आणि पाणी न घालता जाडसर वाटायचं. पाणी घातलं की लवकर आंबतं. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. बर्फाच्या कप्प्यात लहान लहान गोळे करून ठेवले तर त्याहून जास्त. लागेल तेव्हा एक गोळा काढायचा आणि गरम पाण्यात सोडायचा. ओला नारळ कच्चा वाटलेला मात्र असा ठेवू नका, तो दुसऱ्या दिवशीच खवट लागतो.

आता साफ करणं. इथे मी जरा भांडणार आहे. कोकणातले पुरुष मासे साफ करू शकत नाहीत असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही. खाडीवर गरी घेऊन बसतात, पाग टाकतात, रात्री मित्रांत पार्टी असली की तिथेच दगडावर मासे साफ करून, मसाला लावून, भाजून खातात. तेव्हा कुणी बायकोला हाक मारत नाही. घरी आल्यावर मात्र त्याच हातांना विळी धरता येत नाही! एका घरात बारावीतला मुलगा आईच्या बैठकीच्या दिवशी मासे साफ करून मीठ-हळद लावून ठेवतो. पहिल्या दिवशी शेजारच्यांनी त्याला चिडवलं. आता चिडवत नाहीत, सवय झाली. तुम्ही घरात एकदम मोठी मागणी करू नका. "जेवण तुम्ही करा" म्हटलं तर भांडण होईल. "मासे तेवढे साफ करून ठेवा" एवढंच म्हणा. अर्धा तास वाचतो.

आणि जे विकत घेतात त्यांनी मासेवालीकडूनच साफ करून घ्या. तिला वर थोडे पैसे द्या, फुकट मागू नका. ती पण आपल्यासारखीच बाई आहे, उन्हात बसलेली, आणि तिच्या गटातही तिला बैठकीला जायचं असतं.

तारलीबद्दल मला खास बोलायचं आहे. पापलेटला २०२३ मध्ये आपल्या राज्याने राज्य मासा केलं. चांगलंच झालं, लहान पापलेटं पकडू नयेत म्हणून त्याकडे लक्ष वळलं. पण आपल्या ताटात पापलेट किती वेळा येतं? तारलीचा वाटा मात्र परवडतो. आणि तारलीला लोक गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. तिच्यात जे तेल असतं ते हृदयाला चांगलं. शिवाय लहान तारली चांगली कुरकुरीत भाजली की तिचा मऊ काटाही चावून खाता येतो, आणि काट्यात कॅल्शियम असतं. चाळिशीनंतर गुडघे आणि कंबर धरते म्हणून ज्या आज इथे भिंतीला टेकून बसल्यात त्यांनी हे नीट ऐका. लहान मुलांना देताना मात्र काटे काढूनच द्या.

तारली तव्यावर करा. खवले खरवडून, डोकं आणि पोट काढून, धुऊन, मीठ, हळद, मसाला आणि चमचाभर कोकमाचं आगळ चोळायचं. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे निम्मे घेऊन त्यात घोळवायची. लोखंडी तवा चांगला तापू द्यायचा, मग थोडं तेल, आणि एका वेळी मावतील तेवढ्याच ठेवायच्या, एकावर एक नाही. एका बाजूने तीन-चार मिनिटं, हलवायची नाही. ती स्वतःहून तवा सोडते तेव्हाच उलटायची. घाईत आधी उलटली की साल तव्याला आणि मासा हातात, हे माझं कित्येकदा झालंय. दुसऱ्या बाजूने पुन्हा तेवढीच. सोबत तांदळाची भाकरी, कांदा आणि लिंबू. आमटी करायलाच पाहिजे असं नाही. सोलकढी गॅसवर ठेवायची नसते, आगळ असेल तर तीही पाच मिनिटांत होते.

चूल असेल तर आणखी सोपं. पावसाळ्यात परसात हळदीची पानं असतात. मसाला लावलेली तारली किंवा बांगडा पानात गुंडाळायचा आणि भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यावर ठेवायचा. तेल लागत नाही, भांडं घासायचं नाही, आणि तेवढ्या वेळात तुम्ही बचतीची वही भरू शकता.

एक सावधगिरी. मोबाइलवर पटकन होणारं जेवण म्हणून कोळंबीची बिर्याणी दाखवतात. वीस मिनिटांत तयार म्हणतात. कोळंबी कुणी सोलली ते दाखवत नाहीत. बारीक कोळंबीचा वाटा सोलायला एकटीला तास जातो. कोळंबी दोघी-तिघी मिळून सोलायची असेल तेव्हाच आणा.

आता मी माझी फजिती सांगते, कारण ती तुमच्यापैकी कुणाचीही होऊ शकते. पहिल्याच वर्षी, बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेअकराला मी छान ताजे बांगडे घेतले. पिशवीत घातले, पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि तीन गावांच्या बैठका करत फिरले. घरी पोचले संध्याकाळी सहाला. वास जरासाच येत होता. म्हटलं मसाला जास्त घालू, चांगलं उकळू, काय होतंय. जेवून अर्धा तास नाही झाला तर चेहरा लालबुंद, कान गरम, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज, छाती धडधडायला लागली. शेजारच्या काकी रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी काय खाल्लं हे विचारलं, आणि लगेच दुसरा प्रश्न, "बांगडे किती वाजता घेतले होते?"

त्यांनी समजावलं ते असं. बांगडा, तारली, कुपा अशा तेलकट, लाल मांसाच्या माशांत एक गोष्ट असते, की ते गरम हवेत राहिले तर जंतू त्यांच्यात हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार करतात. तो एकदा तयार झाला की उकळून, तळून, कशानेही जात नाही. मीठ-हळद लावून ठेवलं म्हणूनही थांबत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं आपल्याला माशाची अॅलर्जी आहे आणि ते मासेच सोडतात. तो दोष माशाचा नसतो, उन्हात लटकलेल्या पिशवीचा असतो.

म्हणून बैठकीच्या दिवशी मासे सकाळी घ्यायचे असतील तर बर्फ पाहिजेच. थर्माकोलचा जुना डबा चालतो. खाली बर्फ, मध्ये मासे, वर बर्फ, आणि वितळलेलं पाणी ओतून टाकायचं, मासे त्या पाण्यात पोहत ठेवायचे नाहीत. फ्रिज असेल तर घरी आल्या आल्या पोट साफ करून, धुऊन, झाकणाच्या डब्यात. दोन्ही नसेल तर सरळ संध्याकाळीच घ्या. आणि घेताना डोळे बघा, फुगीर आणि चकचकीत पाहिजेत. कल्ले उघडून बघा, लाल पाहिजेत. बोटाने दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. हे तुम्हाला माहीतच आहे. पण संध्याकाळच्या अंधारात, घाईत, उरलेला वाटा स्वस्तात मिळतो तेव्हा आपण बघत नाही.

पावसाळ्याचंही बोलायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यात खवळलेला समुद्र. म्हणजे ताजी मासळी कमी आणि महाग, आणि नेमकी लावणीची गडबड तेव्हाच. त्या दिवसांचं आपलं धन म्हणजे सुका जवळा, सुकट, बोंबील, खारा बांगडा. जवळा माझा सगळ्यांत आवडता, कारण त्याला कापायचं काही नाही. निवडायचा, तव्यावर कोरडा भाजायचा, चाळून घ्यायचा, मग पाण्यात पटकन खळबळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घट्ट पिळायचा. वाळू तळाशी राहते, ती परत वर येऊ द्यायची नाही. कढईत दोन कांदे बारीक चिरून परतायचे, लसूण, मसाला, जवळा, तीन आमसुलं, पाण्याचा हबका, झाकण. दहा मिनिटं. वांगं किंवा बटाटा बारीक कापून घातला तर वाढतो. मीठ चव बघूनच, कारण जवळ्यात आधीच असतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खारा बांगडा बेताने खावा, आणि खायचाच तर भरपूर पाण्यात भिजवून, पाणी फेकून.

ज्या गटांना सुक्या मासळीचा धंदा करायचा आहे त्यांना एवढंच सांगते, वाळूवर वाळवू नका. बांबूच्या मांडवावर जाळी ताणून वाळवा. त्यावर वेगळी बैठक घेऊ, आज तो विषय नाही.

आता मघापासून जे बोलायचं होतं त्याकडे येते. एका घरी मी जेवायला होते. पाच बांगडे आणले होते, घरात माणसं सात, आठवी मी. काकींनी तुकडे केले, सगळ्यांना वाढले. मला दोन वाढले, पाहुणी म्हणून. सगळे उठल्यावर काकी बसल्या. ताटात भात आणि वर तिखल्याचा रस. पातेल्यात डोक्याचा एक तुकडा राहिला होता तो त्यांनी घेतला. मी म्हटलं, काकी, तुमचा तुकडा? त्या हसल्या. "माका डोकाच आवाडता." मी गप्प बसले, कारण तो तुकडा माझ्या पोटात होता.

नंतर मी निरनिराळ्या गटांत सहज विचारत गेले, तुम्हाला माशाचा कुठला भाग आवडतो. इतक्या जणींना डोकं आणि शेपूट आवडतं? आणि एकाही पुरुषाला आवडत नाही? आवडत असेल त्यांनी जरूर खावं, डोक्याचा रस चांगलाच लागतो. पण मला वाटतं आपल्याला जे उरतं तेच आवडायला शिकवलंय. सासूबाईंनाही त्यांच्या काळात तेच उरलं. इथे ज्या सासवा बसल्यात त्यांच्यावर मी बोट दाखवत नाही. त्यांनी तर आमटीच्या पाण्यावर वर्षं काढलीत.

पण त्याचा हिशोब अंगावर निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे इथे दोघी शेजारी बसल्या असतील तर त्यांतली एक तरी धरा. जिना चढताना दम लागतो, डोकं गरगरतं, संध्याकाळी बैठकीत डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो काम जास्त झालं. माशात लोह मटणाएवढं नसतं, हे खरं सांगते. पण जे असतं ते अंगाला लवकर लागतं, आणि त्याच जेवणातल्या पालेभाजीचं, डाळीचं लोहसुद्धा मासा जास्त लागू देतो. वर लिंबू पिळा, त्याचाही उपयोग होतो. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह अडतं, तासभर तरी जाऊ द्या. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. मासे खाते म्हणून गोळी बंद केली असं मला कुणी सांगू नका.

गरोदर बायांना मासे बंद करणारी घरं आहेत, उष्ण पडतात म्हणतात. ताजे, नीट शिजवलेले लहान मासे त्यांना हवेतच. मोरीसारखे मोठे शिकारी मासे मात्र गरोदरपणात आणि अंगावर पाजताना वरचेवर नकोत. मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो. बाळंतिणीला मोरी द्यायची आपली जुनी पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम बोलले. तारली, बांगडा, मांदेली द्या.

मग ताटाचं करायचं काय? भाषण करून घरात कुणी ऐकत नाही. माझ्या डोक्यात दोन साध्या गोष्टी आहेत. एक, माणसं मोजून तुकडे करायचे आणि मोजताना स्वतःला धरायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण कितीतरी जणी मोजताना स्वतःला सोडूनच मोजतात, मी बघितलंय. घरात सात माणसं असं सांगतात आणि ती सात त्यांना सोडून असतात. दुसरी, लहान मासे. मोठ्या सुरमईचे सहा तुकडे आणले तर सातव्याला नाही. तारलीच्या, मांदेलीच्या वाट्यात वीस-पंचवीस असतात, त्यातून आपल्याला चार मिळतातच, कुणाशी भांडावं लागत नाही. त्या काकींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघतंय." पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी स्वतःची तारली आधीच वाटीत काढून, झाकून, फळीवर ठेवली होती. नातू विचारत होता ती कुणाची, आणि आजोबांनीच सांगितलं, "ती आजयेची, हात लावू नको."

कुणीतरी हात वर केलाय. हां, बोला आजी. (आजींनी विचारलं की तिरफळं मिळाली नाहीत तर काय घालायचं.) आजी, ते तुम्ही मला सांगायचं! माझं मत विचारलंत तर काही घालू नका, तिरफळाची जागा दुसरं काही घेत नाही. नसेल तर लसूण जास्त घालून साधं तिखलं करा. पण पावसाळ्यानंतर तिरफळं येतात तेव्हा गटातून एकदम घेऊन वाळवून ठेवली तर वर्षभर पुरतात. भाव ठरवायला कोषाध्यक्ष ताईंशी बोलते.

पुढच्या महिन्याची सभा पाचऐवजी चारला ठेवायची असं ठरतंय, आणि कर्जाचे अर्ज बचत गोळा करायच्या आधी घेऊ. हात वर करून सांगा, चालेल का. लिहून घ्या सचिव ताई. प्रत्येक गटातून एकीने स्वतःची अर्ध्या तासात होणारी माशांची रीत सांगायला यायचं, मापासकट. थर्माकोलचा डबा मी आणते दाखवायला. बर्फ कोण आणेल? बंदराजवळचा गट आहे ना इथे, तुमच्याकडून चालेल का? बरं. आता उठा, सव्वासहा झाले.